लिसांद्रोच्या चाकापासून दोन गल्ल्या वर

आदरणीय वन्सं एर्मेलिंदा यांस,

तुमच्या भावजयीचा गुडघ्यापर्यंत वाकून नमस्कार (त्याच्या खाली आता माझी कंबर जात नाही, मन मात्र पायांपर्यंत पोचलं असं समजावं). तुमच्या पायाची सूज उतरली असेल, नवं मलम लागू पडलं असेल, तिकडे कोस्टा रिकात, एरेदियातल्या गारठ्यात तुम्ही मोजे घालत असाल आणि कोंबड्या अंडी देत असतील अशी आशा करते. त्या कोंबड्या अजून लिसांद्रोने तुम्हाला बांधून दिलेल्या सायकलवरच बसतात का? (सहज विचारते.)

मी बरी आहे. लिसांद्रो गेल्यापासून बरी आहे असं लिहायची सवय झाली आहे, आणि ते खोटंही नाही. दात गेला की जीभ सारखी त्या जागी जाते, पण जेवण होतं. वाचन चालू आहे. शाळा मला मिळाली नाही हे तुम्ही जाणताच. मी अक्षरं शिकले ती लिसांद्रोच्या सायकल दुकानातल्या सुट्या भागांच्या कॅटलॉगवरून, त्यामुळे आजही कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटची पानं उघडते, वॉशर तिथे असायचे. सध्या एका पाद्र्याचं चरित्र वाचते आहे. शेवटी मरतो.

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी हो म्हणते, शिवाय आपल्या घराची भिंत किती जाड आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे.

तुमच्या मायकोलबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. (आहे, पण ती क्रमाने येईल.) त्या मुलीने त्याला नकार दिल्यावर तुम्ही त्याला मामीकडे हवापालटाला पाठवलंत हे फार बरं केलंत. आला तेव्हा त्याचं तोंड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं झालं होतं. रविवारी सकाळी त्याच्यापुढे कॉफी आणि नकतमाल ठेवला. केळीचं पान सोडलं, आतला मक्याचा वाफाळता गोळा बघितला आणि रडला. दुसरा खाताना कमी रडला. तिसरा खाताना त्याने विचारलं, मामी, एवढ्या लोकांच्या ऑर्डरी तू लक्षात कशा ठेवतेस? मला वाटलं, पोरगा सावरला. तिथेच माझं चुकलं. दुःखातल्या पुरुषाला शेंगा सोलायला द्याव्यात, कुतूहल दाखवू देऊ नये.

माझी पद्धत तुम्ही पाहिली आहे. शनिवारी लोक खिडकीशी येऊन सांगतात, कुणाला डुकराचं मांस जास्त, कुणाला मिरची नको, कुणाला पुदिना दुप्पट; रविवारी सकाळी तोरिबिओ आपल्या तीनचाकीतून सगळं घरोघर पोचवतो. (तोरिबिओ तोच, लिसांद्रोने ज्याचं हँडल उलटं बसवलं होतं आणि ज्याने ते कधी बदलू दिलं नाही.) चुका होत नव्हत्या असं नाही, पण त्या माझ्या ओळखीच्या होत्या. मायकोल म्हणाला, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये घालू. एक तक्ता करायचा, त्यात प्रत्येक गिऱ्हाईकाला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीला एक मुख्य चावी. मुख्य चावी म्हणजे त्या माणसाची अशी एक गोष्ट, जी कधी बदलत नाही आणि दुसऱ्या कुणाचीच नसते. मी विचारलं, माणसाकडे अशी गोष्ट असते का रे? तो म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये असावीच लागते.

मग आम्ही दोघं शेंगा सोलत विचार करत बसलो. नावं बाद, कारण आपल्या आळीत प्रत्येक घरात एक कार्मेन आहे, आणि जिथे नाही तिथे दोन आहेत. फोन नंबर लोक चपलांसारखे बदलतात. ओळखपत्राचा नंबर मागितला असता तर लोकांना वाटलं असतं, आपण कुठल्या डुकराचं काय खाल्लं ते सरकारला कळवायचं आहे. मग मीच म्हटलं, पत्ता घे. आपल्याकडे एक पत्ताच काय तो बदलत नाही. थिएटर जळून गेलं तरी लोक जिथे थिएटर होतं तिथून तीन गल्ल्या खाली राहतातच. मोठा बदाम वीज पडून कोसळला, मी लग्न होऊन यायच्या आधी. मी तो कधी पाहिला नाही, पण अजून त्याच्यावरून रस्ता सांगते. आपल्या गावात वस्तू पडते आणि पत्ता उभा राहतो. मायकोलला हे इतकं आवडलं की त्याने मला मिठी मारली. (हाताला पीठ होतं. त्याचा तो काळा शर्ट आता माझ्याकडे पोतेरं म्हणून आहे, तुम्ही शोधू नका.)

इथे एक गोष्ट सांगते. ती तुम्हाला कधी सांगितली नव्हती. आपल्या गावातले निम्मे पत्ते ‘होतं’वाले आहेत. जिथे थिएटर होतं, जिथे बदाम होता, जिथे आंधळ्याचं दुकान होतं. लिसांद्रोच्या दुकानावर खांबाला टांगलेलं सायकलचं चाक मात्र अजून ‘आहे’मध्ये आहे. मी खिडकीशी मका दळत असते आणि बाहेर दिवसभर लोक तीनचाकीवाल्यांना सांगत असतात, लिसांद्रोच्या चाकापासून एक गल्ली तळ्याकडे, लिसांद्रोच्या चाकापासून दोन गल्ल्या वर. मला त्याचं नाव स्वतः घ्यावं लागत नाही. घेतलं तर आवाज बदलतो. ते लोक घेतात, घाईत, भांडताना, तोंडात घास असताना, आणि मी दळत राहते. एवढंच मला हवं आहे, वन्सं. ते ‘आहे’चं ‘होतं’ होऊ नये.

आता गंमत अशी की तुमचा मुलगा वाढला तुमच्या त्या देशात, जिथे घर शंभर मीटरवर असतं, नाहीतर दोनशे मीटरवर. वर म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू आणि खाली म्हणजे मावळतो ती, हे त्याला शिकवायला मला एक आख्खी सकाळ लागली. तो कागद काढून म्हणत राहिला की वर म्हणजे उत्तर. मी म्हटलं, उत्तरेला तळं आहे, तिकडे वर जाऊन बुडायचंय का तुला?

एकदाचे पत्ते भरून झाले. मी सारखी लोकांच्या आवडीनिवडी बदलत होते, म्हणून त्याने यंत्राला सांगून ठेवलं, तोच पत्ता पुन्हा आला तर जुनी ओळ पूस आणि नवी लिही. तोरिबिओला ताकीद दिली, चिठ्ठीवर असेल तो पत्ता वाचायचा आणि माल द्यायचा, डोकं चालवायचं नाही. तोरिबिओ म्हणाला, हे मला जमण्यासारखं आहे.

रविवारी असुसेना बाईंच्या दारात वीस नकतमाल उतरले, प्रत्येकात दुप्पट मिरची. असुसेना बाई म्हणजे त्याच, शाळेतून निवृत्त झाल्या पण अजून रस्त्यात लोकांचे उच्चार सुधारतात. डॉक्टरांनी त्यांना मीठ, मिरची आणि डुक्कर तिन्ही बंद केलं आहे, त्यामुळे त्यांचा नकतमाल एकच असतो आणि तो मी डोळे मिटून बांधते, बघवत नाही. त्या चालत आल्या, वीसच्या वीस परत घेऊन, आणि विचारलं की मी त्यांना मारायचं ठरवलं आहे का, आणि ठरवलं असेल तर एकाने भागलं नसतं का. ऑर्डर पुन्हा लिहून घेतली: एक, बिनमिठाचा. पुढच्या रविवारी तोरिबिओने, गेल्या वेळी पहिलं दार चुकलं म्हणून, दुसरं दार गाठलं. ते निकासिओ बँडमास्तरचं. आख्खा बँड मिरवणुकीआधी त्याच्याकडे न्याहारीला जमलेला, आणि त्यांच्या पुढ्यात एक बिनमिठाचा नकतमाल. त्या दिवशी त्यांनी संताची मिरवणूक इतकी रडकी वाजवली की दोन बायकांनी चौकशी केली, कोण गेलं.

तेव्हा कुठे मायकोलने तक्ता उघडून पाहिला. असुसेना बाई आणि निकासिओ दोघांचा पत्ता एकच: लिसांद्रोच्या चाकापासून दोन गल्ल्या वर, अर्धी तळ्याकडे. दोघांसाठी मिळून ओळ एकच, आणि शेवटी जो बोलेल त्याची. एकमेकांना पुसून टाकत होते बिचारे. मायकोलने पुसण्याची सूचना काढली. तर यंत्र हटून बसलं. दुसरा पत्ता घातला की म्हणे, ही चावी आधीच वापरात आहे, आणि ओळ घेईना. मायकोलने निकासिओच्या पत्त्यापुढे एक टिंब दिलं. यंत्राने मुकाट्याने घेतलं. मग कळलं की असे जुळे पत्ते आळीभर आहेत, म्हणून कुणाला एक टिंब, कुणाला दोन. तोरिबिओ चिठ्ठी घेऊन खिडकीशी आला आणि मला म्हणाला, “वहिनी, टिंब आलं की कुठे वळायचं?”

शेवटी मायकोलने दोघांना अंगणात बोलावलं आणि विचारलं, तुमच्यापैकी खरंच दोन गल्ल्या वर कोण राहतं? निकासिओ म्हणाला, मी, बाहेर या आणि मोजा. बाई म्हणाल्या, मी, आणि मोजायचं असेल तर चर्चच्या कोपऱ्यावरून मोजा.

वन्सं, तुम्ही परदेशी गेलात त्यानंतरची ही गोष्ट, म्हणून सांगते. लिसांद्रोचं दुकान पूर्वी चर्चच्या कोपऱ्याला होतं. तो सायकलच्या घंट्या दुरुस्त करायचा, आणि दुरुस्त केली की वाजवून बघायचा. चर्चमध्ये लोकांना वाटायचं प्रसादाची घंटा झाली, आणि सगळे गुडघ्यावर बसायचे. एका रविवारी प्रवचनाच्या मध्येच लोक इतक्या वेळा बसले-उठले की पाद्रीबुवा स्वतः दुकानात आले आणि त्याला दुसरी जागा शोधायला सांगितलं. तेव्हा तो चाक घेऊन आपल्या घरासमोर आला. चर्चपलीकडचे लोक त्याच्या बाजूने चिडले. पाद्री चाक हलवू शकतो, आमचा पत्ता नाही, असं म्हणून ते जुन्याच कोपऱ्यापासून मोजत राहिले. आपल्या बाजूचे नव्या चाकापासून मोजतात. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही, कारण तोरिबिओला माणसं माहीत होती.

निकासिओ म्हणाला, बाई, त्या कोपऱ्यावर चाक नाही, चहाची टपरी आहे. बाई म्हणाल्या, मी चाकापासूनचा पत्ता सांगते, चाक कुठे जाऊन बसलं आहे ते चाकाने बघावं. मायकोलने फार नम्रपणे सुचवलं की बाईंनी फक्त ‘जिथे चाक होतं तिथून’ असं म्हणावं. एवढा एक शब्द घातला की चाव्या वेगळ्या. मी दळायची थांबले. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“होतं असं मी म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “ती खिडकीत बसून ऐकते.”

निकासिओने टोपी काढली आणि कुठे ठेवावी ते न सुचल्यामुळे परत घातली. मी आत जाऊन कॉफी ठेवली. (बाईंना बिनसाखरेची. तीही बंद आहे.)

मग मायकोलला ते सुचलं जे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं: यंत्र प्रत्येकाला आपला आपण एक नंबर देईल, तोच मुख्य चावी, आणि पत्ता बाजूच्या साध्या रकान्यात जाईल, तिथे तो दहा जणांचा सारखा असला तरी यंत्राच्या पोटात दुखत नाही. हे इथेच संपलं असतं. पण तोरिबिओच्या कानावर फक्त ‘प्रत्येकाला नंबर’ एवढंच गेलं, आणि तोरिबिओच्या कानावर गेलेलं गावाच्या कानावर जायला एक फेरी पुरते. पहिला नंबर कुणाचा यावरून तीन घरांत अबोला झाला. आणि बुधवारी नगरपालिकेचा एव्हारिस्तो रंगाचा डबा घेऊन हजर. ही कल्पना फार आधुनिक आहे, म्हणाला, आता प्रत्येक दारावर नंबर रंगवायचा, मग या खुणांची गरज नाही. हे गंजलेलं चाक कुणाच्या तरी डोक्यात पडेल, ते काढून गोदामात ठेवू.

वाद घालायला मला येत नाही, मी फक्त खांबाशी जाऊन उभी राहिले. मायकोल यंत्राच्या आतल्या आणि दारावरच्या नंबरांतला फरक समजावत होता, पण त्याचं ऐकतंय कोण. तेवढ्यात एव्हारिस्तोने डबा उघडला, ब्रश बुडवला आणि विचारलं, “मग एक नंबर कुठून सुरू करू?”

सगळी आळी एका तोंडाने म्हणाली, “लिसांद्रोच्या चाकापासून.”

तो उभा राहिला. ब्रशमधून रंग त्याच्या बुटावर गळत होता. म्हणजे चाक काढलं तर मी मोजायचं कुठून, असं तो स्वतःशीच म्हणाला, आणि मग जरा मोठ्याने म्हणाला की चाक राहू द्या, मोजणीसाठी लागेल. वन्सं, मी त्याला बिनपैशांचे चार नकतमाल दिले.

तर चाक राहिलं. एव्हारिस्तोने आपल्या बाजूला चाकापासून नंबर रंगवले. चर्चपलीकडच्यांनी त्याला त्यांच्या कोपऱ्यावर नेलं, चाक इथून आहे असं सांगितलं, आणि त्याने तिथूनही रंगवले, पुन्हा एकपासून. आता आळीत प्रत्येक नंबर दोनदा आहे. असुसेना बाई नऊ. निकासिओ नऊ. मायकोल दारावरचा आकडा बघून पायरीवर बसला आणि हसत सुटला, त्या मुलीने नाही म्हटल्यापासून पहिल्यांदाच. यंत्राच्या आत मात्र सगळं सुरळीत आहे. तिथले नंबर कुणालाच दिसत नाहीत, त्यामुळे कुणी भांडत नाही. चिठ्ठीवर आता पत्त्याबरोबर नावही छापून येतं, आणि तोरिबिओला डोकं चालवायची परवानगी पुन्हा मिळाली आहे.

मायकोल छान जेवतो आहे. चाक जागेवर आहे, ऊन पडलं की चमकतं, काळजी नसावी. तुमच्या प्रकृतीला जपा, कोंबड्यांना माझा आशीर्वाद सांगा.

तुमची भावजय,
येल्बा

ता. क. चाक चमकतं असं वर लिहिलं ते खरं आहे, पण ते चाक नाही. एव्हारिस्तो येऊन गेला त्याच्या पुढच्या मंगळवारी, दुपारी सगळी आळी झोपली असताना चाक पडलं, आपलं आपण, गंजून. खाली तोरिबिओ त्याच्या तीनचाकीत झोपला होता. त्याला लागलं नाही, फक्त दचकून उठला आणि म्हणाला, आलो मास्तर (लिसांद्रोला तो मास्तर म्हणायचा). चाकाचे आरे जमा केले, पण ते पुन्हा चाक होणार नाही. लोक जागे व्हायच्या आत मी, मायकोल आणि तोरिबिओने मिळून खांबाला नकतमालाच्या पातेल्याचं झाकण टांगलं. लांबून गोल दिसतं. निकासिओने विचारलं, आज चाक इतकं का लकाकतंय. मायकोल म्हणाला, पॉलिश केलं. असुसेना बाईंनी बराच वेळ पाहिलं आणि निकासिओचा ‘लकाकतंय’चा उच्चार तेवढा सुधारला.

ता. क. दुसरा. त्या कोंबड्यांच्या सायकलचं पुढचं चाक हवं आहे. तुम्ही कोस्टा रिकाला निघालात तेव्हा लिसांद्रोने ती स्वतः बांधली, तेव्हा चाकही त्याच्याच हातचं आहे, लबाडी होत नाही. सोडवायला पाना लागेल, तो या बसच्या ड्रायव्हरबरोबरच पाठवला आहे (लिसांद्रोचा आहे, परत पाठवा). चाक शनिवारच्या आत पोचायला हवं, कारण झाकण वर आहे आणि पातेलं खाली. एक खेप मी ताट ठेवून उकडली, निम्मे नकतमाल कच्चे राहिले. लोक मायकोलच्या कॉम्प्युटरला नावं ठेवतात आणि तो बिचारा ऐकून घेतो. कोंबड्यांना मागचं चाक पुरेल.

ता. क. तिसरा. पत्ता तोच: लिसांद्रोच्या चाकापाशी, शून्य गल्ल्या. चाकावर चिठ्ठी बांधाल तेव्हा तसाच लिहा. ड्रायव्हर विचारेल, तिथे तर झाकण आहे. तरी ‘होतं’ लिहू नका.